आधी उजेड ठरवा, मग फोटो

फोटो स्टुडिओत सगळ्यात जास्त कुठली तक्रार येते, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन: "फोटो काळा आलाय." डोळे मिटले, कडेचा माणूस कापला, अल्बमवर नवरीचं नाव चुकलं, या तक्रारी तिच्या मागून येतात.

नातेपुत्यात आमचा स्टुडिओ आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रोल आणि हायपोच्या काळात तो सुरू केला. आता मी चालवते. माळशिरस तालुक्यातली लग्नं, साखरपुडे, शाळांचे वर्गवार फोटो, आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी गावात मुक्कामाला आली की वारकऱ्यांचे फोटो, आणि बारा महिने चालणारं पासपोर्ट साइजचं काम. यातलं कुठलंही गिऱ्हाईक कधी ना कधी काउंटरवर प्रिंट ठेवतं, तिच्या शेजारी मोबाइल धरतं आणि म्हणतं, "ताई, ह्यात बघा की कसं लखलखीत दिसतंय. कागदावर आमचे तात्या पार काळवंडल्यात."

त्यांचं खोटं नसतं. मोबाइलवर तात्या खरंच उजळ दिसतात आणि कागदावर खरंच काळवंडलेले. नवल याचं की ज्या स्टुडिओवाल्यांनी पैसे खर्चून कॅलिब्रेटर घेतला, म्हणजे पडद्याला टेकवून त्याचे रंग मोजणारं आणि दुरुस्त करणारं यंत्र, त्यांच्याकडेही हीच तक्रार येते. रंग जुळतात, पण प्रिंट अंधारलेली. मग लॅबवाल्याला फोन जातो, तो म्हणतो तुमची फाइलच डार्क आहे, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. हा घोळ समजायला एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ती कॅमेऱ्यात नाही, प्रिंटरमध्ये नाही, फोटोशॉपमध्येही नाही. ती खोलीतल्या उजेडात आहे.

पडद्याचा उजेड स्वतःचा, कागदाचा उसना

मॉनिटर स्वतःचा उजेड सोबत घेऊन येतो. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवले तरी पडद्यावरचा फोटो दिसतोच. उलट जास्त उठून दिसतो. कागदाचं तसं नाही. कागद उजेड उसना घेतो. दिवा जेवढा उजेड देईल त्यातला बराचसा तो परत करतो, पण पदरचा काहीच घालत नाही. दिवा घालवला की फोटो संपला.

आता थोडा हिशेब करू. अवघड नाही. पडद्याचा उजेड मोजतात कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये. बाजारात त्यालाच 'निट' म्हणतात. नव्या मॉनिटरच्या खोक्यावर 250 किंवा 300 निट असं छापलेलं असतं. मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला तर बरेच फोन 500च्या आसपास किंवा त्याच्याही वर जातात. टेबलावर किंवा भिंतीवर पडणारा उजेड मात्र 'लक्स'मध्ये मोजतात. या दोन मापांची गाठ घालणारं सूत्र असं: कागदावर जितके लक्स पडतात त्याला कागद जितका उजेड परत करतो त्या प्रमाणानं गुणायचं आणि 3.14नं भागायचं. चांगला पांढरा फोटो पेपर साधारण 90 टक्के उजेड परत देतो.

म्हणजे टेबलावर 500 लक्स उजेड असेल तर पांढरा कागद सुमारे 143 निटचा दिसणार. 350 लक्स असेल तर 100 निटचा. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत 9 वॉटचा एकच एलईडी बल्ब असतो. तिथे भिंतीवर 50-60 लक्स पडले तरी पुष्कळ. तिथे तोच पांढराशुभ्र कागद फक्त 15-16 निट उजेड परत करतो. आणि उन्हात? दुपारच्या लख्ख उन्हात एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो. तिथे कागद 28,000 निटच्याही पुढे जातो, म्हणून उन्हात पांढऱ्या कागदाकडे डोळे बारीक करूनच बघावं लागतं.

कागद तोच, शाई तीच, फोटोही तोच. 15 निटपासून 28,000 निटपर्यंत सगळं त्याच्यावर पडणारा उजेड ठरवतो. मग "हा फोटो काळा आहे का?" या प्रश्नाला, तो कुठे बघताय हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

फोटो काळा कधी होतो

फोटो काळा होतो तो आपण एडिटिंगला बसतो तेव्हाच. समजा, मॉनिटर खोक्यातून निघाला तसा 250 निटवर चालू आहे आणि आपण बसलोय तिथे टेबलावर 350 लक्स उजेड आहे. म्हणजे खोलीतला पांढरा कागद 100 निटचा, आणि पडद्यावरचा पांढरा रंग त्याच्या अडीचपट. फोटोग्राफरच्या भाषेत सव्वा स्टॉपपेक्षा जास्त फरक. एवढ्या भगभगीत पडद्यावर नवरीचा चेहरा बघितला की तो अंगावर येतो. हात आपोआप स्लायडरकडे जातो, चेहरा जरा खाली आणतो, साडीचा उजेड दाबतो. पडद्यावर आता सगळं छान बसलेलं दिसतं. फाइल लॅबला जाते. लॅब ती जशी आहे तशी छापते, आणि प्रिंट आपल्याच काउंटरवर काळी वाटते.

यावर कुणी म्हणेल, डोळा तर उजेडाला सरावतो, मग पडदा कितीही तेजस्वी असला तरी काय बिघडलं? डोळा सरावतो हे खरं, पण तो एकट्या पडद्याला सरावत नाही. त्याला भिंत दिसते, टेबलावरचा कागद दिसतो, उघड्या शटरमधून येणारा रस्त्यावरचा उजेडही दिसतो. या सगळ्याची तो सरासरी धरतो आणि त्या मापानं पडदा 'जास्त उजळ' ठरवतो. प्रिंट मात्र त्याच खोलीची होऊन जाते, तिला वेगळी सवलत मिळत नाही.

सॉफ्टवेअरसुद्धा यात भर घालतं. आजकाल एडिटिंगच्या बहुतेक प्रोग्रामची पार्श्वभूमी गडद राखाडी किंवा काळी असते. काळ्या चौकटीत ठेवलेली कुठलीही गोष्ट आहे त्यापेक्षा उजळ वाटते. तोच फोटो पांढऱ्या कडेच्या कागदावर छापला की पांढऱ्याच्या शेजारी तो मंद वाटू लागतो. म्हणून प्रिंटसाठी फोटो तपासताना मी पार्श्वभूमी फिकट करते आणि फोटोभोवती पांढरी किनार ठेवते. फुकटचा उपाय आहे, आणि निम्मा भ्रम तिथेच उतरतो.

मग कॅलिब्रेटर करतो तरी काय?

खूप काही करतो, पण त्याचं काम नीट ओळखलं पाहिजे. यंत्र पडद्याला टेकवलं की सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं, यंत्र ते मोजतं, आणि पडदा कुठे निळ्याकडे झुकतोय, कुठे लालाकडे, याची नोंद एका फाइलीत करून ठेवतं. ही फाइल म्हणजे आयसीसी प्रोफाइल. 1993 साली काही संगणक आणि फोटो कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं, त्याच्या आद्याक्षरांवरून हे नाव. कॅमेरा, पडदा आणि प्रिंटर हे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी लाल रंगाचा अर्थ तिघांनी एकच घ्यावा, ही त्यामागची सोय.

पण रंग जुळवताना ही पद्धत असं गृहीत धरते की पडद्याचा पांढरा म्हणजेच कागदाचा पांढरा. पडद्याचा पांढरा 80 निटचा आहे की 300चा, आणि तुमच्या खोलीत कागद किती उजळतोय, याचा तिथे विचार होत नाही. ते तुम्ही ठरवायचं असतं. कॅलिब्रेटर सुरुवातीलाच विचारतो: ब्राइटनेस किती ठेवायचा? तिथे बहुतेक जण कुणी सांगितलं म्हणून 120 टाकतात आणि पुढे जातात.

आता मघाचंच सूत्र उलटं फिरवून बघा. 120 निटचा पांढरा कागद हवा असेल तर त्याच्यावर 420 लक्सच्या आसपास उजेड पाहिजे. तुमच्या टेबलावर तेवढा असेल तर 120 हा आकडा अगदी बरोबर. 200 लक्सच असेल तर कागद 57 निटवर थांबणार, आणि कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवरही तुम्ही प्रिंट काळीच करणार.

हे आकडे जगभरात जागेनुसार कसे बदलतात तेही बघण्यासारखं आहे. आपल्या बहुतेक फोटोंमागे असलेली एसआरजीबी ही रंगपद्धती 1999 साली आंतरराष्ट्रीय दंडक म्हणून मान्य झाली. तिच्यात पडदा 80 निटचा आणि खोलीत फक्त 64 लक्स उजेड धरलाय, म्हणजे जवळजवळ अंधारी खोली. त्याउलट छापखान्यांसाठी आणि फोटोग्राफीसाठी असलेला आयएसओ 3664 हा दंडक सांगतो, की प्रिंट बारकाईनं ताडून बघायची असेल तर 2000 लक्सखाली बघा आणि नेहमीच्या परिस्थितीत कशी दिसेल हे बघायचं असेल तर 500 लक्सखाली. 2000 लक्सखाली कागद 570 निटच्या पुढे जातो. तेवढ्या उजेडात मंजूर झालेली प्रिंट घरच्या बल्बखाली कशी दिसेल, हे वेगळं सांगायला नको. दंडकानं दोन आकडे दिलेत ते म्हणूनच: चूक शोधायला एक उजेड लागतो, आवडलं की नाही हे ठरवायला दुसरा.

पांढऱ्या कागदाची रीत

आता मी काय करते ते सांगते. यासाठी लक्स मीटरसुद्धा लागत नाही.

एडिटिंगचं टेबल आम्ही काउंटरपासून काढून आतल्या खोलीत नेलंय. पुढचं शटर उघडं असलं की सकाळचा उजेड वेगळा, दुपारचा वेगळा, पावसाळ्यात भरून आलं की आणखी वेगळा. आतल्या खोलीला जाड पडदा आहे आणि दिवसभर एकच दिवा असतो. भिंतींना फिकट राखाडी रंग दिलाय, कारण हिरव्या किंवा गुलाबी भिंतीवरून उडालेला उजेड कागदावरही तोच रंग चढवतो. दिवा पिवळा घेतला नाही, की निळसर पांढराही नाही; खोक्यावर 5000 केल्विन लिहिलेला घेतला, कारण प्रिंट तपासण्यासाठी तोच रंग दंडकात सांगितलाय.

मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्यायचा. त्याचं आपोआप ब्राइटनेस कमीजास्त करणं, 'व्हिव्हिड' मोड, रात्रीचा पिवळा उजेड, हे सगळं बंद. मग पडद्यावर एक कोरी पांढरी फाइल उघडायची आणि ज्या कागदावर छापणार त्याचाच एक कोरा तुकडा मॉनिटरशेजारी दिव्याखाली धरायचा. दिवा कागदावर पडावा, पडद्यावर थेट पडू नये. मग मॉनिटरच्या बटणानं ब्राइटनेस कमी करत जायचं, जोवर दोन्ही पांढरे सारखे उजळ वाटत नाहीत. पहिल्यांदा करणारा हमखास थबकतो, कारण मॉनिटर त्याला एवढा खाली आणावा लागतो की पडदा मेल्यासारखा वाटतो. पाच-दहा मिनिटं तसंच बसलं की डोळा सरावतो.

माझ्या टेबलावर साधारण 350 लक्स उजेड असतो, त्यामुळे माझा पडदा 100 निटच्या आसपास बसतो. तुमचा दुसऱ्या आकड्यावर बसेल. आकडा सापडला की तोच कॅलिब्रेटरला द्यायचा आणि मग रंग मोजून घ्यायचे. आधी उजेड, मग रंग, हा क्रम पाळायचा. ब्राइटनेस कमी करताना तो मॉनिटरच्याच बटणानं करावा. संगणकातल्या सॉफ्टवेअरनं उजेड दाबला तर रंगाच्या 256 पायऱ्यांपैकी काही वाया जातात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. पडद्यामागचा दिवा वापरून हळूहळू मंद होत जातो, म्हणून हे सगळं अधूनमधून पुन्हा करावं लागतं.

एवढं करूनही प्रिंट काळी आली, तर मात्र प्रिंटरकडे बघायचं. आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओत सहा रंगांचा टँकवाला इंकजेट असतो. त्याला ग्लॉसी कागद घालून सेटिंगमध्ये साधा कागद निवडला, तर शाईचं गणित चुकतं. फोटोशॉप आणि प्रिंटर दोघांनीही रंग सांभाळायला घेतले तर दोनदा दुरुस्ती होते आणि चेहरे जांभळट होतात. दोघांपैकी एकालाच ते काम द्यायचं.

पांढरा जुळला, काळ्याचं काय?

पांढरा जुळवणं म्हणजे निम्मं काम. काळा कधीच पूर्ण जुळत नाही, आणि तो जुळणार नाही हे आधीच मान्य केलेलं बरं.

साध्या मॉनिटरवर पांढऱ्यात आणि काळ्यात हजारपट फरक असतो. चांगल्या ग्लॉसी प्रिंटमध्ये तो दीडशे-दोनशेपट असतो आणि मॅट कागदावर चाळीसपटीच्या आसपास. काळ्या शाईवरूनही थोडा उजेड परत येतोच. मॅट कागद तो सगळीकडे पसरवतो, म्हणून त्याचा काळा राखेसारखा दिसतो. त्यावर फ्रेमची काच बसली की काचेच्या दोन्ही बाजू मिळून समोरचा आठेक टक्के उजेड डोळ्यांकडे परत फेकतात. खिडकीसमोर लावलेल्या फ्रेममध्ये फोटोऐवजी खिडकी दिसते ती यामुळे.

आमच्या भागात याची खरी परीक्षा विठ्ठलाच्या फोटोत होते. वारीच्या वाटेवरचं गाव, त्यामुळे मोबाइलवर आलेला विठ्ठलाचा फोटो मोठा करून फ्रेम करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक नेहमीचं. काळ्या पाषाणाची मूर्ती. गालाचा उंचवटा, कानातल्या मकरकुंडलांची कड, कमरेवरच्या हातांची बोटं, सगळं काळ्याच्या वेगवेगळ्या छटांत. मोबाइलवर त्या सगळ्या छटा वेगळ्या दिसतात. मॅट कागदावर आहे तसं छापलं तर त्या एकमेकींत मिसळतात, आणि उरतो तुळशीच्या माळा घातलेला एक काळा आकार. असा फोटो मी ग्लॉसी किंवा लस्टर कागदावरच सुचवते. गिऱ्हाइकाला मॅटच हवा असेल तर छापण्याआधी गडद छटा एकमेकींपासून थोड्या लांब करून घेते. फोटोशॉपमध्ये 'सॉफ्ट प्रूफ' म्हणून सोय आहे. कागदाचं प्रोफाइल दिलं की तो कागद काय करू शकेल ते पडद्यावरच दिसतं. त्यातलं 'सिम्युलेट पेपर कलर' लावताच फोटो एकदम फिका पडतो. बरेच जण घाबरून ते बंद करतात, पण प्रिंटच्या सगळ्यात जवळचं चित्र तेच असतं.

कुणाच्या चेहऱ्यावरून जुळवायचं

रंगीत फोटोंच्या जमान्यात लॅबवाल्यांना यंत्र जुळवायला नमुन्याचा फोटो लागायचा. कोडॅक कंपनी असे फोटो लॅबना पुरवत असे. त्यात रंगीत कपड्यांतली एक गोरी स्त्री असायची. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून त्या नमुन्यांना 'शर्ली कार्ड' नाव पडलं; पुढे मॉडेल बदलल्या तरी नाव राहिलं. तिची कातडी बरोबर छापली गेली की यंत्र ठीक, असा हिशेब. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचा एकत्र नमुना कोडॅकनं काढला तो थेट 1990च्या दशकात. तोवर जगभरच्या सावळ्या माणसांचे फोटो एका गोऱ्या चेहऱ्याच्या मापानं ठरत होते.

म्हणून मी माझा नमुना वेगळा ठेवलाय. माणदेशाला लागून असलेला आमचा भाग. इथल्या मेंढपाळ आजोबांचा सावलीत काढलेला एक फोटो आहे: पांढरं धोतर, पांढरा फेटा, उन्हात रापलेला चेहरा आणि खांद्यावर काळं घोंगडं. सगळ्या अवघड गोष्टी एका चौकटीत. धोतराच्या चुण्या दिसल्या पाहिजेत, नुसता पांढरा डाग नको. घोंगड्याची वीण दिसली पाहिजे. आणि चेहरा रापलेलाच दिसला पाहिजे; उजळ करायच्या नादात तो पिठूळ झाला तर ते आजोबा राहत नाहीत.

ही फाइल मी लॅबला 'नो करेक्शन' लिहून पाठवते. कारण लॅबचं यंत्र किंवा तिथला ऑपरेटर फोटो बघून आपल्या अंदाजानं डेन्सिटी कमीजास्त करतो. शंभर गिऱ्हाइकांपैकी नव्वदांसाठी ती मदतच असते, पण पडदा जुळवायचा असेल तेव्हा ती दिशाभूल करते. कुठला बदल आपला आणि कुठला त्यांचा, हेच कळत नाही. दुरुस्ती न करता आलेली प्रिंट दिव्याखाली ठेवायची, शेजारी पडद्यावर तीच फाइल. घोंगड्याची वीण आणि धोतराच्या चुण्या दोन्हीकडे सारख्या दिसल्या की लॅब आणि पडदा एका मापावर आले. कॅलिब्रेटर परवडत नसलेल्या छोट्या स्टुडिओवाल्यांना मी हीच रीत सांगते. अशी एक खात्रीची प्रिंट हाताशी असणं हे यंत्राच्या खालोखाल चांगलं.

डार्करूममधलं शहाणपण

हे सगळं डिजिटलमुळे आलं असं समजू नये. आण्णांच्या डार्करूममध्येही हाच प्रश्न होता, फक्त पडदा नव्हता. एन्लार्जरखाली कागदाची एक पट्टी ठेवायची, तिचा थोडा थोडा भाग झाकत वाढत्या सेकंदांचा उजेड द्यायचा आणि डेव्हलपरमधून काढायची. एकाच पट्टीवर पाच-सहा उजेड दिसायचे. त्यातला बरोबर कुठला, हे आण्णा लाल दिव्याखाली कधीच ठरवत नसत. हायपोतून काढून, धुऊन, पट्टी दारात नेऊन बघायचे आणि मग घरातल्या बल्बखाली. ओली प्रिंट सुकल्यावर थोडी गडद होते, हेही त्यांना पाठ होतं, म्हणून ओली असताना ती जराशी उजळच ठेवायचे. अमेरिकेतले नावाजलेले निसर्ग-फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी तर सुकल्यावरचा हा फरक लगेच कळावा म्हणून डार्करूममध्ये मायक्रोवेव्ह ओव्हन वापरला होता. इंकजेटच्या प्रिंटलाही शाई बसायला वेळ द्यावा लागतो. गरम गरम प्रिंट हातात घेऊन रंगावर भांडू नये.

त्या पट्टीची जागा आज छोट्या टेस्ट प्रिंटनं घेतली आहे. मोठी फ्रेम छापण्याआधी मी चेहऱ्याचा तेवढा भाग एका कागदावर चार वेगवेगळ्या उजेडांत छापते. 20 बाय 30ची प्रिंट वाया जाण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आणि आण्णांचा एक प्रश्न मी अजून विचारते. ऑर्डर घेताना ते पैशांआधी विचारायचे, "लावणार कुठं?"

लावणार कुठं?

खरं तर सगळा विषय या प्रश्नात येतो. पडदा आणि माझ्या टेबलावरची प्रिंट जुळली म्हणजे माझं काम बिनचूक झालं. पण फोटो माझ्या टेबलावर राहणार नसतो.

गेलेल्या माणसाचा फोटो बहुधा माजघरात लागतो, देव्हाऱ्याच्या वर किंवा दाराच्या चौकटीच्या वर. तिथे एक बल्ब, तोही लांब. मघाच्या हिशेबानं पांढरा कागद 15 निटवर येतो. अंधारात डोळ्याला गडद छटांतला फरक कमी कळतो, म्हणून अशा फोटोत मी मधले टोन वर उचलते: चेहरा, कपाळ, डोळ्यांखालची सावली. पांढरं धोतर तसंच ठेवते, कारण कागदाहून पांढरं काही छापता येत नाही. ते उचललं तर चुण्या तेवढ्या जातील. शिवाय घरच्यांना सांगते की फ्रेम खिडकीच्या समोर नको, खिडकीच्या बाजूच्या भिंतीला लावा, आणि जमलं तर तिच्यासाठी एक छोटा दिवा द्या. प्रिंट उजळ करण्यापेक्षा दिवा लावणं कधीही चांगलं. त्यानं काळाही खोल होतो आणि पांढराही खुलतो.

लग्नाचा अल्बम ओसरीवर, दिवसाउजेडी, चार बायकांच्या घोळक्यात बघितला जातो. तिथे हजार-दोन हजार लक्स सहज असतात. माजघराच्या फ्रेमसाठी उचललेला चेहरा तिथे फिकट दिसेल, म्हणून अल्बमची फाइल टेबलावर जुळवलेल्या मापाचीच जाते.

पालखीच्या स्वागताचा किंवा वाढदिवसाचा फ्लेक्स तर रस्त्यावर भर उन्हात असतो. तिथे उजेडाला तोटा नाही. फ्लेक्स फिकट वाटतो तो उजेड कमी म्हणून नाही. त्याच्या चकचकीत पृष्ठभागावरून ऊन परत येतं आणि काळा रंग धुऊन टाकतं. म्हणून तिथे फोटो उजळ न करता त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवायचा, आणि चेहऱ्यामागची जागा गडद ठेवायची. एकाच तात्यांच्या एकाच फोटोच्या माझ्या संगणकात म्हणूनच तीन फाइली असतात: भिंत, अल्बम, फ्लेक्स. मोबाइलवर पाठवायची ती चौथी, आणि तिला काहीच करावं लागत नाही, कारण तिथे फोन आपला उजेड आपणच घेऊन येतो.

काउंटरवर मोबाइल आणि प्रिंट शेजारी ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आता समजावत बसत नाही. त्याच्या हातातल्या फोनचा ब्राइटनेस कमी करत आणते, प्रिंटच्या पांढऱ्या किनारीइतकाच पडद्याचा पांढरा दिसू लागला की थांबते आणि म्हणते, "आता बघा." तात्या दोन्हीकडे सारखेच दिसतात. कुणी हसतं, कुणाला फसवल्यासारखं वाटतं. मग प्रिंट उचलून दारात उन्हात नेली की तेच म्हणतात, "आता ब्येस दिसतंय की!"

तुम्ही कुठल्याही गावात, कुठल्याही स्टुडिओत फोटो मोठा करून घ्यायला जाल, तेव्हा साइज आणि कागद सांगण्याआधी तो कुठल्या भिंतीवर लागणार आणि तिथे दिवा कसा आहे ते सांगा. समोरच्यानं त्यावर दोन प्रश्न विचारले, तर काम जाणत्या हातात आहे असं समजा.